एसयूव्ही की सेडान: आतली जागा आणि सीटचा आराम शोरूममध्ये स्वतः कसा तपासायचा

"एसयूव्हीच घेऊ, जागा जास्त असते" हे वाक्य गाडी घ्यायची ठरली की घरात कुणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारा बहुतेक वेळा गाडी बाहेरून बघून म्हणत असतो. बाहेरून उंच दिसणारी गाडी आतून मोठी असेलच असं काही नाही. लांबी वेगळी, रुंदी वेगळी, उंची वेगळी, आणि त्या जागेत माणूस कुठल्या पोझिशनमध्ये बसतो ते तर अजूनच वेगळं, आणि हे शेवटचं ब्रोशरमध्ये कुठेच छापलेलं नसतं. त्यामुळे ते आपणच जाऊन बसून, मोजून बघावं लागतं. कसं बघायचं ते इथे सविस्तर लिहितोय, लेख मोठा आहे, गाडी बघायला निघायच्या आधी वाचा म्हणजे उपयोग होईल.

आधी एक जोडी समजून घ्या

ही तुलना करायला आपल्याकडे एक आयतं उदाहरण आहे, तेही चाकणमध्ये बनणारं. स्कोडाची कुशाक २०२१ ला आली आणि स्लाव्हिया २०२२ ला. एक एसयूव्ही (उंच), एक सेडान (बसकी, मागे वेगळी बंद डिकी असलेली), पण दोन्हींच्या खालचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, तोच (एमक्यूबी ए-झिरो आयएन), टर्बो पेट्रोल इंजिनं तीच, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्हींचा २,६५१ मिमी. फोक्सवॅगनची टायगुन आणि व्हर्टस ही जोडीसुद्धा त्याच प्लॅटफॉर्मवरची.

आता आकडे बघा. स्लाव्हियाची लांबी ४,५४१ मिमी, कुशाकची ४,२२५. म्हणजे सेडान एक फुटाहून जास्त लांब. पण चाकांमधलं अंतर सारखं आहे म्हटल्यावर ही जास्तीची लांबी माणसांच्या वाट्याला आलेली नाही, ती जवळजवळ सगळी मागे डिकीत गेली: स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर, कुशाकची ३८५. रुंदी कुशाकची १,७६० आणि स्लाव्हियाची १,७५२, म्हणजे फरक ८ मिमी, करंगळीच्या जाडीएवढाही नाही. राहिली उंची. कुशाक साधारण १० सेंमी उंच आहे. आणि सगळी गंमत या १० सेंमीत आहे.

हे १० सेंमी सगळे डोक्यावर मोकळे सोडलेले नसतात. थोडे गाडी जमिनीपासून वर उचलण्यात जातात, थोडे छतावरच्या रेलिंगमध्ये, आणि मोठा हिस्सा जातो सीट वर उचलण्यात. डोक्यावर उरतात दोन-तीन बोटं. म्हणजे एसयूव्हीत जागा वाढते असं म्हणण्यापेक्षा बसण्याची पद्धत बदलते असं म्हणणं जास्त बरोबर. एसयूव्हीत तुम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसल्यासारखे बसता, पाय खाली सोडून, आणि सेडानमध्ये आरामखुर्चीत बसल्यासारखे, पाय पुढे लांबवून. पाय खाली सुटले की पुढच्या सीटपर्यंतचं अंतर कमी लागतं, म्हणून तेवढ्याच व्हीलबेसमध्ये एसयूव्ही ऐसपैस वाटते. हे कळलं की शोरूममधला सेल्समन काय बोलतो त्यातलं अर्धं आपोआप गाळलं जातं.

घरूनच करायची तयारी

शोरूमला जायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा की गाडीत रोज कोण बसणार, महिन्यातून एकदा कोण बसणार आणि वर्षातून एकदा गणपतीला किंवा लग्नाला कोण बसणार. मंडळी गाडी घेतात वर्षातून एकदाच्या माणसांसाठी आणि चालवतात रोज एकटे. रोज दोघंच असाल आणि सात माणसं फक्त मे महिन्यात गावी जाताना होत असतील, तर त्या एका ट्रिपला इनोव्हा भाड्याने घ्या, स्वस्त पडेल.

सोबत न्यायच्या वस्तू: एक मोजपट्टी (सुताराकडे असते तसली स्टीलची, ५ मीटरवाली), एक वही, आणि तुमच्या घरातल्या दोन खऱ्या ट्रॉली बॅगा. हो, बॅगा खरंच घेऊन जा, शोरूमवाले हसतील, हसू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातला सगळ्यात उंच माणूस आणि ज्यांचे गुडघे दुखतात तो माणूस, दोघंही सोबत पाहिजेत. "तू बघून ये, आम्हाला काय कळतंय त्यातलं" असं आई म्हणणारच, तरी घेऊन जा. मागे तीच बसणार आहे.

तुलना करताना एकाच दिवशी, शक्यतो पाठोपाठ दोन्ही गाड्या बघा. एक या रविवारी आणि दुसरी पुढच्या रविवारी असं केलंत तर शरीराला पहिली आठवत नाही, फक्त मत आठवतं.

पहिली पायरी: चढणं आणि उतरणं

गाडीत बसल्यावर कसं वाटतं हे नंतर, आधी आत शिरताना काय होतं ते बघा. मोजपट्टीने जमिनीपासून मागच्या सीटच्या बसायच्या भागापर्यंतची उंची मोजा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंमी असते. सेडानची सीट त्याच्या थोडीशी वर येते, साधारण ५० ते ५५ च्या आसपास, आणि क्रेटा-कुशाकसारख्या मधल्या एसयूव्हीची ६० ते ६५ च्या आसपास. साधारण सव्वापाच-साडेपाच फुटी माणसाला ही एसयूव्हीची उंची सगळ्यात सोयीची, कारण ना खाली बसावं लागतं ना वर चढावं लागतं, नुसतं बाजूला सरकायचं.

आता आईला मोबाईलवर बोलत बोलत बसायला सांगा, म्हणजे ती मुद्दाम काळजी घेऊन बसणार नाही, नेहमीसारखी बसेल. नीट बघा काय होतं. सेडानमध्ये गुडघे दुखणारी माणसं आधी एक हात दरवाज्याच्या वरच्या कडेला लावतात, मग पाठमोरी होऊन बूड टेकवतात, शेवटचे चार-पाच इंच स्वतःला सोडून देतात (तेव्हा "आई गं" ऐकू येतं), मग मान तिरकी करून डोकं आत घेतात कारण सेडानचं छत मागे उतरतं झालेलं असतं, आणि मग एकेक पाय उचलून आत. उतरताना हेच उलट, फक्त जास्त अवघड, कारण खालून वर उठायला गुडघ्यावर सगळा भार येतो. एसयूव्हीत यातलं मान तिरकी करणं आणि खाली आदळणं दोन्ही वाचतं. घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं किंवा होणारं कुणी असेल तर माझ्या मते इथेच निर्णय झाला, बाकीच्या पायऱ्या नुसत्या खात्री करायला.

पण "उंच तितकं चांगलं" असंही नाही हो. स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स या चेसिसवर (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेल्या उंच गाड्या, त्यात पाच फुटाच्या बाईला अक्षरशः चढावं लागतं, फूटबोर्डवर पाय, हॅण्डलला हात. नऊवारी सोडा, पाचवारी साडीतही अवघड जातं. आणि पावसाळ्यात अजून एक त्रास, दरवाज्याखालचा जो पट्टा असतो तो चिखलाने भरलेला असतो आणि उतरताना पोटऱ्या आणि निऱ्या नेमक्या तिथेच घासतात. काही गाड्यांमध्ये दरवाजा त्या पट्ट्याच्या खालपर्यंत येतो, त्यामुळे पट्टा स्वच्छ राहतो. दरवाजा उघडून खाली वाकून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

दरवाजा किती अंशात उघडतो तेही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी असताना दरवाजा अर्धाच उघडतो, त्या अर्ध्या दरवाज्यातून शिरता येतंय का ते शोरूममध्ये दरवाजा अर्धा धरून करून बघा.

दुसरी पायरी: स्वतःच्या मागे बसा

ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी. शोरूममधल्या गाडीची पुढची सीट बहुतेक वेळा पुढे सरकवून ठेवलेली असते, म्हणजे मागे बसणाऱ्याला वाटतं व्वा, काय जागा आहे. त्यामुळे आधी ड्रायव्हर सीटवर बसा, क्लच पूर्ण दाबून गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट लावा, स्टिअरिंगवर मनगट टेकेल अशी पाठ लावा, आणि सीट तशीच ठेवून मागे जाऊन बसा. घरातला सगळ्यात उंच माणूस हे करेल तर उत्तम.

आता मागे बसल्यावर चार गोष्टी मोजा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यात किती बोटं उरतात. चार बोटं म्हणजे चालेल, वीत भर म्हणजे मस्त. दुसरं, पाय पुढच्या सीटखाली जातात का, हे लोक बघतच नाहीत. ड्रायव्हरने सीट सगळ्यात खाली केली की खालची फट बंद होते आणि मग गुडघ्याला जागा असूनही बूट अडकतो, पाय लांबवता येत नाही. म्हणून ड्रायव्हर सीट एकदा वर करून आणि एकदा खाली करून दोन्ही वेळा बघा. तिसरं, डोकं आणि छत यात किती अंतर. नुसतं सरळ बसून नको, मागे टेकून, डोकं हेडरेस्टला लावून बघा, कारण सेडानमध्ये छत नेमकं तिथेच खाली आलेलं असतं. सहा फुटी माणसाचे केस छताला लागतात अशा सेडान आहेत. सनरूफवालं मॉडेल असेल तर पुढच्या सीटचीही डोक्यावरची जागा कमी होते, सनरूफच्या फ्रेमला दोन-तीन सेंमी द्यावे लागतात. तुम्ही टॉप मॉडेल घेणार असाल आणि शोरूममध्ये बेस मॉडेलमध्ये बसून बघितलंत तर ते धरू नका.

चौथी गोष्ट मांडीची, त्यावर जरा जास्त बोलायचंय.

मांडीचा सपोर्ट, इथे खरी फसगत होते

मागे बसल्यावर मांडी सीटला पूर्ण टेकली पाहिजे, नुसतं बूड टेकून गुडघे वर राहिले तर दीड तासात कंबर बोलायला लागते, कारण सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. हात आडवा करून मांडीखाली, गुडघ्याजवळ सरकवा. हात आरामात गेला, वर मोकळी हवा, तर सपोर्ट नाही. मग सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात बोटं घाला. दोन ते चार बोटं अंतर बरोबर. सहा बोटं असेल तर सीट आखूड आहे, आणि अजिबात अंतर नसेल तर बुटक्या माणसाच्या पोटऱ्या दाबल्या जाऊन पायाला मुंग्या येतात.

आता तुम्ही म्हणाल एसयूव्हीची सीट उंच, मग तिथे मांडीचा सपोर्ट चांगला असणारच. बऱ्याचदा असतो, पण सीट जमिनीपासून उंच असणं वेगळं आणि गाडीच्या फ्लोअरपासून उंच असणं वेगळं. तुमचा पाय फ्लोअरवर असतो, रस्त्यावर नाही. फ्लोअरपासून सीटच्या कडेपर्यंत मोजा, ते खरं. इलेक्ट्रिक एसयूव्हीत बॅटरी खाली असते, त्यामुळे फ्लोअर वर येतो आणि सीट तिथेच राहिली तर गुडघे वर येतात. पेट्रोल नेक्सॉनमध्ये बसून इलेक्ट्रिक नेक्सॉन बुक करू नका, दोन्हीत वेगवेगळं बसून बघा, कुठल्याही कंपनीची असली तरी हाच नियम. सात सीटर एसयूव्हीची तिसरी रांग तर विचारूच नका, तिथे फ्लोअर उंच आणि सीट बुटकी, मोठा माणूस बसला की गुडघे छातीशी. वर ती रांग मागच्या चाकाच्या वरच, कधी थोडी मागेच येते, म्हणून खड्ड्यात सगळ्यात जास्त तीच उडते. पोरांसाठी ठीक, तीही घाट नसेल तर.

सेडानमध्ये सीट खाली असते म्हणून डिझायनर मंडळी काय करतात, सीटची पुढची कड जरा वर उचलतात आणि पाठ जास्त कलती करतात. हे नीट जमलं तर सेडानची मागची सीट एसयूव्हीपेक्षा जास्त आरामाची होते, पुणे-नागपूर सहज निघतं. नाही जमलं तर माणूस घसरत घसरत पुढे येतो आणि दर अर्ध्या तासाने स्वतःला मागे ओढत बसतो. काही एसयूव्हीत मागची पाठ दोन टप्प्यांत मागे जाते, क्रेटामध्ये आहे, ही सोय सेडानमध्ये सहसा मिळत नाही कारण पाठीमागे डिकीची भिंत असते. लांबच्या प्रवासाला जे मागे झोपतात त्यांच्यासाठी हा मोठा फायदा.

तिसरी पायरी: तिघं मागे

मोठ्या माणसाचे खांदे साधारण ४५ सेंमी धरा, म्हणजे तिघांना १३५ सेंमी लागतात. मागच्या दोन्ही दरवाज्यांच्या मधलं अंतर, खांद्याच्या उंचीला, आतून मोजा. १३० च्या खाली आलं तर तिसरा माणूस कायम पुढे सरकून बसणार, आणि तो तिसरा माणूस म्हणजे बहुतेक घरात आईच असते. बाहेरच्या रुंदीवरून अंदाज बांधू नका, नेक्सॉन बाहेरून १,८०४ मिमी रुंद आहे आणि होंडा सिटी १,७४८, पण त्यातलं दरवाज्याच्या जाडीत किती गेलं हे आतून मोजल्याशिवाय कळत नाही.

मग मधे बसून बघा, स्वतः. फ्लोअरला मधे उंचवटा असतो, पाय दोन्हीकडे फाकवून बसावं लागतं. पुढच्या कन्सोलचा एसी व्हेंट किती मागे आलाय, गुडघा त्याला लागतो का. मधली सीट दोन बाजूंच्या सीटपेक्षा कडक आणि वर आलेली असते, कारण तिथे हातटेकूची घडी असते. मधल्या माणसाला हेडरेस्ट आहे का, खांद्यावरून येणारा पट्टा आहे का का नुसता कमरेचा. मागच्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, आणि तिघं दाटीवाटीने बसले की बकल बुडाखाली जातं आणि मग कुणीच लावत नाही, तर तिघांना बसवून तिन्ही पट्टे लावून बघाच.

इथे सेडान आणि एसयूव्हीत खरं सांगायचं तर फार फरक पडत नाही, गाडीगणिक पडतो. तिघं मोठे कायम मागे बसणार असतील तर दोन्ही सोडून एर्टिगा किंवा कॅरेन्स बघा, एवढंच म्हणेन. लोकांना एमपीव्ही (अशा तीन रांगांच्या कुटुंबी गाड्या) म्हटलं की टॅक्सी आठवते, पण जागेचा हिशोब केला तर तीच जिंकते.

चार मीटरच्या आतल्या गाड्यांचं गणित वेगळं

२००६ पासून सरकारने ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना कर कमी ठेवलाय, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर अशा गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के. म्हणून सगळ्या कंपन्या ३,९९५ मिमीवर येऊन थांबतात. आता डिझायर पण ३,९९५ आणि नेक्सॉन पण ३,९९५. वर दिलेलं स्लाव्हियाचं लॉजिक इथे उलटं होतं. तिथे सेडानला जास्तीची लांबी मिळाली आणि ती डिकीत गेली, इथे लांबी बांधलेली आहे, त्यामुळे डिकी काढायची तर ती कुणाच्या तरी पायातूनच काढावी लागते. डिझायरचा व्हीलबेस २,४५० मिमी, नेक्सॉनचा २,४९८. आणि गंमत म्हणजे दोन्हींची डिकी कागदावर ३८२ लिटर! म्हणजे या साइजमध्ये सेडान घेऊन डिकी जास्त मिळते हा समज कागदावरच निकालात निघतो. दहा-बारा लाखांच्या आत बघत असाल आणि उंच माणसं असतील तर इथे एसयूव्हीचं पारडं जड आहे, असं माझं मत. अर्थात डिझायरची डिकी बंद पेटी आहे, त्याचा वेगळा फायदा आहे, तो पुढे.

चौथी पायरी: डिकी

डिकीचे लिटर मोजतात ते बहुतेक वेळा विटेएवढे ठोकळे भरून, एक ठोकळा २०० × १०० × ५० मिमी, म्हणजे बरोबर एक लिटर. तुमची ट्रॉली बॅग ठोकळ्यांची बनलेली नसते. म्हणून बॅगा सोबत न्यायला सांगितलं.

सेडानची डिकी खोल आणि लांब, पण तोंड लहान. मोठी बॅग आत मावते पण तोंडातून जात नाही असंही होतं. झाकणाच्या बिजागऱ्या बाकदार असतील तर झाकण लावताना त्या बॅगेवर येतात. एसयूव्हीचं तोंड मोठं, वॉशिंग मशीनसुद्धा सीट पाडून आत जातं, पण पार्सल ट्रेच्या (डिकीवरच्या आडव्या फळीच्या) खालची जागा कमी असते आणि त्याच्या वर रचलंत तर मागची काच बंद, आरसा बंद, आणि जोरात ब्रेक मारला तर आंब्याची पेटी मागच्यांच्या डोक्यावर. कोकणातून येताना हे नेहमीचं दृश्य आहे. सेडानमध्ये डिकी वेगळी बंद असल्यामुळे सुकट आणली, फणस आणला तरी वास बऱ्यापैकी मागेच राहतो, एसयूव्हीत तो महाड यायच्या आत सगळ्यांच्या नाकात. तसंच मागच्या चाकाचा आवाज सेडानमध्ये थोडा कमी येतो, त्याच भिंतीमुळे.

हायब्रिड किंवा सीएनजी घेणार असाल तर डिकी त्याच मॉडेलची उघडून बघा. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी येते, जागा कमी होते. सीएनजीत साध्या टाकीने डिकी जवळजवळ संपते, टाटाने दोन लहान टाक्या खाली बसवून हे बरंच सोडवलंय. स्टेपनी कुठे आहे आणि पंक्चर झाल्यावर सगळं सामान रस्त्यावर काढावं लागणार का, हेही एकदा डोळ्याखालून घाला.

पाचवी पायरी: चालत्या गाडीत, मागे बसून

टेस्ट ड्राइव्हला सगळे ड्रायव्हर सीटवर बसतात. अर्धा वेळ चालवा, अर्धा वेळ मागे बसा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि शोरूमवाला ज्या गुळगुळीत रस्त्यावर नेतो तिथे नाही, तुमच्या रोजच्या रस्त्यावर. पुण्यातल्यांना सोपंय, चाकणचा रस्ता पकडा, जिथे गाड्या बनतात तिथलाच रस्ता सस्पेन्शनची परीक्षा घेतो.

उंच गाडीत डोकं जास्त हलतं, हे साधं आहे, रस्ता एका बाजूला खचला की जितके वर बसाल तितके जास्त झुलता. हे झुलणं कमी करायला काही एसयूव्हीचं सस्पेन्शन कडक करतात, मग झुलणं कमी होतं पण खड्डा कमरेत कळतो. सेडान खाली असल्याने वळणावर स्थिर. ताम्हिणी, आंबोली, कशेडी असल्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. पण याला एक उलटी बाजूही आहे: उंच बसल्यावर रस्ता दिसतो आणि बाहेर दिसलं की मळमळ कमी होते. काही सेडानमध्ये आणि काही नव्या स्टायलिश एसयूव्हीतही मागच्या खिडकीची कड इतकी वर नेलेली असते की पोराला नुसता दरवाजा दिसतो, अशा गाडीत ओकारी ठरलेली. म्हणून पोरालाच मागे बसवून विचारा, बाहेर काय काय दिसतं.

सेडानचा एक त्रास मात्र मान्य केला पाहिजे. पाच माणसं आणि डिकी भरून निघालात की मागून बसते, आणि सोसायटीच्या रॅम्पवर किंवा गावातल्या घरगुती स्पीडब्रेकरवर खाली घासते. मग दोघांना उतरवून गाडी पुढे काढायची. टेस्ट ड्राइव्हलाच पाच जण भरून स्पीडब्रेकरवरून नेलीत तर लगेच कळेल.

ऊन, कातडं आणि एसी

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी हे नीट वाचा. काळं लेदरेट (नकली कातडं) शोरूमच्या एसीत भारी दिसतं, मे महिन्यात अकोल्यात दुपारी दोनला त्यावर बसवत नाही. वेंटिलेटेड सीट (आतून हवा खेळवणारी) असली तरी ती बहुतेक गाड्यांत पुढच्या दोघांनाच, मागच्यांची पाठ भिजतेच. कापडी सीट दिसायला साधी पण अंगाला चिकटत नाही.

सेडानची मागची काच कलती असते आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्याच्या जवळपास वरपर्यंत आलेली असते. दुपारी चारला पुण्याहून सोलापूरकडे निघालात की ऊन बरोबर पाठीमागून, थेट मानेवर. म्हणून काही सेडानमध्ये मागच्या काचेला पडदा देतात, व्हर्नामध्ये आहे, असेल तर तो ओढून बघा. एसयूव्हीची मागची काच उभी आणि दूर असते, त्यामुळे मान वाचते, पण मोठं पॅनोरमिक सनरूफ असेल तर ऊन वरून येतं, त्याचा पडदा जाड आहे का पातळ जाळीचा ते हाताने चाचपून बघा.

सीटवर वेळ काढा

शोरूममध्ये दोन मिनिटं बसून जी सीट गुबगुबीत वाटते ती दोन तासांनी त्रास देते असं बरेचदा होतं, फोम दबतो आणि पाठीचा आकार सुटतो. जरा कडक वाटणारी सीट लांबच्या रस्त्याला बरी. शोरूममध्ये वीस मिनिटं नुसतं बसा, कोटेशन तिथेच बसून मागवा, चहा तिथेच मागवा. वीस मिनिटांनी तुम्ही किती वेळा चुळबूळ केली ते स्वतःलाच कळेल. कमरेच्या खाचेत तळहात घालून बघा, हात मोकळा फिरत असेल तर तिथे उशी लागणार.

ड्रायव्हरसाठी अजून दोन गोष्टी, डाव्या पायाला टेकायला जागा आहे का आणि स्टिअरिंग पुढे-मागे होतं का, का नुसतं वर-खाली. उंच माणसाला ही पुढे-मागे होण्याची सोय नसेल तर हात लांबवून चालवावं लागतं आणि खांदे धरतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा गुडघा जातो म्हणतात, उंच सीटवर पाय वरून खाली दाबतो आणि सेडानमध्ये पुढे ढकलतो, कुणाला काय बरं वाटेल हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यावर. ऑटोमॅटिक परवडत असेल तर हा प्रश्नच संपला.

डिलिव्हरीच्या वेळी जाड सीट कव्हर गळ्यात मारतात, ते घेऊ नका. सीटचा मूळ आकार त्यात बुजतो, आणि ज्या गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते तिथे चुकीचं कव्हर एअरबॅगच्या आड येऊ शकतं. घ्यायचंच असेल तर एअरबॅगच्या जागी उसवणारी शिवण असलेलं, त्याच मॉडेलचं.

मग कुठली?

घरात गुडघेदुखी, लहान मूल (चाइल्ड सीटमध्ये पोराला ठेवताना सेडानमध्ये कमरेतून वाकावं लागतं, दिवसातून दोनदा), गावचा रस्ता खराब, तर चार मीटरच्या वरची मधली एसयूव्ही. मागे बहुतेक दोघंच, हायवेचे लांब प्रवास, सामान भरपूर आणि गुडघे अजून शाबूत, तर सेडान, आणि मला विचाराल तर लांबच्या रस्त्याला मागच्या सीटवर बसायचं असेल तर मी डोळे झाकून चांगल्या सेडानमध्येच बसेन. दोन्ही गाड्या सगळ्या पायऱ्यांत बरोबरीत आल्या तर निर्णय मागे बसणाऱ्यांवर सोडा, चालवणाऱ्याला तसंही कुठलीही नवी गाडी आवडतेच. आणि बुकिंगच्या आधी ज्या व्हेरियंटचे पैसे भरताय नेमक्या त्याच व्हेरियंटमध्ये पुन्हा एकदा सगळ्यांना बसवा, शोरूममध्ये नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवायला सांगा, आणतात.